चिमणीच्या डोळ्यात कुंकू

दसऱ्याला पुंजारामनं कारखान्यातल्या यच्चयावत वस्तूंची पूजा केली. मोटारी झाल्या, पाने-पकडी झाल्या, शिडी झाली, स्वतःची सायकलसुद्धा सुटली नाही. हात भारी सढळ गड्याचा! त्याच सढळ हातानं त्यानं चिमणीच्या डोळ्यालाही ओल्या कुंकवाचा मळवट भरला आणि तिथंच सगळा घोळ झाला.

आता हा डोळा काय, ते सांगायला पाहिजे. चितेगावच्या त्या कारखान्याची चिमणी लई उंच. चिकलठाण्याला उतरणाऱ्या विमानांना ती अंधारात दिसावी म्हणून तिच्या टोकाला लाल दिवे. वीस वर्षं ते दिवे कारखान्याचे वायरमन जहांगीरचाचा रोज सूर्य बुडाला की खटका दाबून लावायचे. त्यांच्या शेवटच्या वर्षी खटक्याच्या खोलीवर चहाच्या कपाएवढा काचेचा डोळा बसवला. उजेड सरला की तो आपोआप दिवे लावायचा. चाचांनी आठवडाभर खपून तो असा जुळवला, की सूर्य बुडून दोन-चार मिनिटं झाली की दिवे लागलेच म्हणून समजा. पुढं चाचा गेले, आणि त्यांच्या हाताखाली बारा वर्षं काढलेल्या पुंजारामकडं ते काम आलं.

चाचांची बायको फहमिदाचाची कारखान्यासमोरच्या गल्लीत एकटीच राहायची. कान पार गेलेले, त्यामुळं मशिदीची बांग ऐकू यायची नाही. नजरही अधू, घड्याळाचे काटे दिसायचे नाहीत. चिमणीवरचा लाल ठिपका मात्र बरोबर दिसायचा. रमजानात ती अंगणात बाजेवर खजुराची वाटी घेऊन बसायची आणि दिवा लागला की रोजा सोडायची. "मला माझा माणूस सांगतो," म्हणायची. माणूस जाऊन दोन वर्षं झाली, तरी तिचं म्हणणं तेच.

त्या साली दसरा भर रमजानात आला. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी पुंजाराम संध्याकाळी हातपाय धुवून घरी निघाला, तर शेडच्या पत्र्यावर अजून ऊन आणि चिमणीवर दिवे! "आरं तिच्या! दिवसाउजेडी?" तो खटक्याच्या खोलीच्या छपरावर चढला. डोळ्याच्या काचेवर कुंकू वाळून खडखडीत झालेलं. बिचाऱ्या डोळ्याला भर उन्हात अंधार दिसत होता. पुंजाराम एकटाच खो खो हसला आणि रुमालानं काच पुसायला लागला.

पुसता पुसता त्याची नजर समोरच्या अंगणात गेली. चाचीच्या तोंडात खजूर होता.

हसू जागच्या जागी आटलं. दसऱ्याच्या दिवसापासून धरले तर पाच रोजे. दिवसभर पाण्याचा घोट न घेता बसलेल्या म्हातारीचे पाच रोजे त्यानं सूर्य बुडायच्या आत सोडायला लावले होते!

त्या रात्री त्याला भाकर गिळंना. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? काच पुसली, दिवे वेळेवर लागणार, झालं. पण म्हातारीला फसवून रोज तिच्या अंगणावरून जायचं, हे त्याला जमणारं नव्हतं. आणि सांगावं, तर तिचा दिव्यावरचा विश्वास उडायचा. नवऱ्याचं म्हणून तिच्यापाशी उरलं होतं ते एवढंच. तेही आपण हिसकून घ्यायचं?

तरी सकाळी गेला. बहिऱ्या माणसापुढं चूक कबूल करायची, तर ती ओरडूनच करावी लागते.

"चाची, दिवा चुकला! माझ्यामुळं! कुंकू लावलं मी त्याच्या डोळ्याला!"

गल्लीतल्या बाया दारात आल्या. पुंजारामचे कान तापले, पण आता मागं फिरायची सोय नव्हती.

"पाच रोजे लवकर सोडलेत तुम्ही! पाच!" त्यानं पंजा पुढं केला.

चाची त्या पंजाकडं बघत राहिली. उठून आत गेली आणि दार लोटून घेतलं. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी पुंजाराम छपरावर चढून बसला. सूर्य शेडच्या मागं उतरला. समोरच्या अंगणात बाज होती, बाजेवर कुणी नव्हतं. "संपलं. उस्तादाचा दिवा विझवला मी," तो पुटपुटला आणि डोळे पुसत खाली आला.

खाली खोलीच्या दारात चाची उभी! हातात खजुराची वाटी, शेजारी तिला हाताला धरून आणणारा गेटवरचा वॉचमन.

"चाची? तुम्ही इथं कशाला? दिवा लागंलच आता!" तो तिच्या कानाशी ओरडला.

"दिव्याचं मला सांगू नको. पाच दिवस चुकला, एका शब्दानं बोलला नाय. तू बोललास. जहांगीरनं बी असंच येऊन सांगितलं असतं." तिनं त्याचा दंड घट्ट धरला. "ते पाच रोजे ईदनंतर परत धरीन मी. पण पुंज्या, आजपासून तू सांगशील तवाच सोडणार."

वर दिवे लागले. चाचीनं मान वर केलीच नाही. ती पुंजारामच्या तोंडाकडं बघत होती.

पुंजारामनं घड्याळ बघितलं. चार पावलं पुढं जाऊन आभाळ बघितलं. परत येऊन घड्याळ बघितलं. मग सगळा कारखाना दणाणेल असा ओरडला,

"सोडा चाची, सोडा!"

तिनं पहिला खजूर त्याच्या हातावर ठेवला, आणि मग दुसरा आपल्या तोंडात टाकला.