मी झाकलेली जागा

मित्रांनो, माझी ओळख करून घ्यायची तर तुम्हाला उकिडवे बसावे लागेल. उभ्या माणसाला मी सहसा दिसत नाही. एका लाल, दोनच माणसांच्या स्पोर्ट्स कारच्या उजव्या दाराखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवलेली मी एक जुनी काळी पट्टी आहे.

कारखान्यात गरम प्लॅस्टिक साच्यात दाबून मला घडवले. पाठीवर सात खुंट्या दिल्या. आत शिरलेले पाणी वाहून जावे म्हणून तळाला दोन बारीक भोके ठेवली. चाकांनी उडवलेले खडे अंगावर घ्यायचे आणि मागची लोखंडी कड झाकायची, हे माझे काम. पहिले मालक मला मऊ फडक्याने पुसत. येणारे-जाणारे म्हणत, "काय चमकतेय!" मी फुशारून जाई.

दुसऱ्या मालकांनी गाडी वर्षानुवर्षे उन्हात उभी केली. मी करडी पडले. एका टोकाला तडा गेला. चिखलाने भोके बुजली, पाणी आत तुंबू लागले आणि माझ्यामागचे लोखंड गंजू लागले. बाहेरून कोणालाच काही दिसत नव्हते. मीही गुपचूप घट्ट चिकटून राहिले. तेव्हापासून मला ज्याचा त्याचा संशय येऊ लागला. गाडी धुणारा जरा खाली वाकला, की वाटे, याला कळले!

मग दातांच्या एका डॉक्टरबाईंनी गाडी विकत घेतली. त्या सगळे स्वतः करणाऱ्या होत्या. चाक पंक्चर झाले तर तेही स्वतःच बदलत. माझा रंग उडालेला पाहून त्या मला डेंटरकडे, म्हणजे गाडीच्या पत्र्याचे पोचे काढणाऱ्या कारागिराकडे, घेऊन गेल्या. तो म्हातारा जमिनीवर आडवा होऊन माझ्याकडे बघतच राहिला. मला तो अजिबात आवडला नाही.

"डॉक्टरबाई, पट्टी काढून बघावी लागेल."

"काढायची कशाला? वरून गरम हवा मारा, काळी करा. झालं."

"काळी होईल हो. पण आत..."

"आत काय? ही पट्टी आता बनत नाही, मला ठाऊक आहे. तुम्ही अस्सल काढून ठेवाल आणि मला नक्कल लावून द्याल."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बाई माझ्याच बाजूच्या निघाल्या!

डेंटर रागावला नाही. "मग इथेच खुर्ची टाकून बसा, नजर हलवू नका. अहो, तुम्ही डेंटिस्ट, आम्ही डेंटर. फरक एवढाच, आमचं गिऱ्हाईक तोंड उघडत नाही."

"माझं उघडतं, पण खोटं बोलतं. म्हणे रोज दोनदा दात घासतो!" बाई म्हणाल्या, पण हसल्या नाहीत.

डेंटरने पेचकसाची मूठ त्यांच्यापुढे धरली. "बरं, नका काढू देऊ. नुसतं ठोकून बघा. आधी डाव्या बाजूला, मग हिच्या खाली."

बाईंनी डावीकडे ठोकले. टण्! मग त्या माझ्यापाशी आल्या. मी श्वास रोखला. भद्द! बाईंनी मान तिरकी करून पुन्हा ठोकले, अगदी दात तपासावा तसे. पुन्हा भद्द!

"किडलंय," त्या हळूच म्हणाल्या.

"चाक बदलताना गाडी उचलायचा जॅक इथेच लावतात ना?" डेंटरने विचारले.

"हो." बाईंनी आपल्या बोटांकडे पाहिले. "आणि चाक काढताना माझे दोन्ही हात गाडीखाली असतात." मग त्यांनी पेचकस डेंटरच्या हातात परत दिला. "काढा."

माझ्या चार खुंट्या तुटल्या. मागून ओला चिखल आणि गंजाचे पापुद्रे गळाले. डेंटरने बोट लावले, तर ते लोखंडातून आरपार गेले. मला लाजेने कुठे तोंड लपवावे ते कळेना.

त्याने सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडला. माझा तडा मागून सांधला, खुंट्या नव्या बसवल्या, भोके मोकळी केली, मग रंग दिला. चार दिवस बाई रोज येत आणि मला उलटसुलट करून पाहत. पट्टी तीच आहे ना, याची खात्री करत. एकदा बसलेला संशय असा लगेच उठत नाही.

मला जागेवर बसवल्यावर बाई म्हणाल्या, "आता डावीकडची काढूया."

"ती तर चांगली वाजली की!"

"वाजली. तरी काढा." आणि या वेळी त्यांनी खुर्ची मागितली नाही. त्या दवाखान्यात निघून गेल्या.

मित्रांनो, तुमची सायकल असो की घरचे कपाट, पुसताना खालची आणि मागची बाजूही पुसा. आणि "जरा काढून बघू" असे कोणी म्हणाले, तर त्याला लगेच वैरी समजू नका. मी समजले होते. मला सगळ्यांचा संशय येत होता. पण दुसऱ्यांचे दात वाचवणारे ते दोन हात माझ्याच मागच्या गंजामुळे गाडीखाली चिरडले जाणार होते.