मुळासकट वानवळा

सगुणाबाईला राग आला की ती भांडी घासायची. त्या शनिवारी घरातली सगळी घासून झाली तरी राग उरला, तेव्हा तिनं बैलाच्या गळ्यातली घंटा काढून घासली.

राग नवऱ्यावर होता. तिचा भाऊ केशव जालन्यात बियाण्याच्या कंपनीत कामाला. तिथं आलेल्या कोरियाच्या पाहुण्यानं त्याला बुचू नावाच्या भाजीचे ठोंब दिले, ते त्यानं मंठ्याजवळच्या ह्या गावात बहिणीला आणून दिले. दिसायला गवत, वासाला लसूण.

"वरून कापायची, मुळाला हात लावायचा न्हाई. मंग वर्षानुवर्षं फुटत राहती," केशव म्हणाला. "तिकडं पिठात घालून धिरडे करतेत."

सगुणाबाईनं न्हाणीच्या पाण्यावर ती दोन वर्षं पोसली, ठोंब फोडून फोडून वाफा भरवला आणि स्वतः एक पातही चाखली नाही. रविवारी पहिली कापणी, पहिलं धिरडं, असं तिनं ठरवलेलं.

शनिवारी ती बाजाराला गेली आणि घरी तिच्या नवऱ्यातला, मच्छिंद्रमधला, दाता जागा झाला. नवं काही पिकलं की गावात वानवळा द्यायचा, ही रीत तो कधी चुकवत नसे. मेथी उपटतात तशी त्यानं सगळी भाजी उपटली, जुड्या बांधल्या, घरोघर पोचवल्या.

"मुळंबी धुतले म्या," तो म्हणाला. "मातीची भाजी द्यायची का लोकांला? इज्जत हाय आपली!"

"मुळाला हात लावायचा नसतो!" सगुणाबाई अशी ओरडली की झाडावरचे कावळे उठले. ओरडतच ती गल्लीत निघाली.

रामरावांची मुळं उकिरड्यावर, आणि उकिरडा कोंबड्यांच्या ताब्यात. मालनबाईनं मुळं ठेचून दुखऱ्या दाढेखाली धरली होती. वर आणखी आहेत का विचारत होती. भिवानं जुडी म्हशीला घातली होती. दुधाला लसणाचा वास आला म्हणून तोच भांडायला तयार.

उरली शेजारची गोजरबाई. सांडपाण्यावरून भांडण झाल्यापासून दोघी बोलत नव्हत्या. हिच्या घरचं नको म्हणून तिनं जुडी तशीच मागच्या मोरीत भिरकावली होती. तिथं ती चिखलात रुतून हिरवीगार उभी होती.

"ती जुडी परत द्या."

"वानवळा परत मागतेत का कुठं?"

"तुमी तर फेकून दिली!"

"आमच्याच मोरीत फेकली ना? पाणी तुमच्याकडं येतं म्हणून मोरी तुमची झाली का?"

त्यानंतर ती घंटा घासली गेली.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गोजरबाईच्या मोरीपाशी वाफा डोलायला लागला. एका सकाळी तिची सून जुडी घेऊन दारात आली. रीत म्हणजे रीत. जुडी विळ्यानं बरोबर वरच्या वर कापलेली, मूळ एकही नाही. हे गोजरबाईला कुणी शिकवलं, ते सगुणाबाईला विचारायची गरज नव्हती. गल्लीभर तिनंच शिकवलं होतं.

तिनं भाजी चिरली की कुणाचा गळा, कळत नव्हतं. ज्वारीच्या पिठात घातली, तवा आपटला, धिरडं टाकलं. घरभर वास सुटला. तिनं तुकडा तोंडात टाकला. फार चांगलं झालं होतं. हेच सहन होईना.

"झकास!" मच्छिंद्र म्हणाला. "गोजरबाईला म्हणावं, आणखी एखादी जुडी..."

सगुणाबाईनं त्याच्यासमोरची थाळी अर्ध्या धिरड्यासकट उचलली आणि घासायला नेली.