दसरूच्या नावचा हुकूम

एकोणीसशे चोपन्नच्या पावसाळ्यात दसरू कुंभाराच्या नावाने चांद्याहून सरकारी कागद आला. कवेलूंची, म्हणजे छपरावरच्या कौलांची, मागणी असेल, असं त्याला वाटलं. हात पुसून तो कागद वाचून घ्यायला दवाखान्यात गेला. नर्स इंदुताईंनी कागद वाचला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला.

"दसरू, दवाखान्याच्या छपराची दुरुस्ती तुले देली हाये."

"मले? मी त कवेलू थापतो, बाई. छपरावर हाफिजभाऊ चढते."

खरंच होतं ते. गावातली सगळी छपरं हाफिज मिस्त्रीच दुरुस्त करी. पण सरकारी नियमाला तीन जणांचे भाव लागत. म्हणून ओव्हरसियर गुणवंतरावांनी हाफिजसोबत दसरूचा आणि चैतू सुताराचाही अंगठा घेतला होता. दसरूने सांगितला तो नुसत्या कवेलूंचा भाव. तोच सगळ्यांत कमी ठरला.

तिकडे बाळंतिणीच्या खोलीत पाणी टपकत होतं. मंगलीची खाट इंदुताईंनी तिसऱ्यांदा सरकवली होती.

"मंग हा कागद हाफिजभाऊले देऊन टाकू?"

"नाई. दुसऱ्याले देता येत नाई, असं खाली लिवलं हाये."

दसरू हाफिजच्या दारात जाऊन उभा राहिला. कसंबसं त्याने सगळं सांगितलं. तंबाखू मळणारा हाफिजचा हात थांबला.

"म्हंजे मी तुया हाताखालचा मजूर?"

"मले काईच समजून नाई राह्यलं, भाऊ. मंगलीच्या अंगावर पाणी पडून राह्यलं, एवढंच समजते."

हाफिजने तंबाखू तोंडात टाकली. मग त्याने शिडी उचलली. दोन दिवसांत छप्पर झालं. हजेरीवर मिस्त्रीने मजूर म्हणून अंगठा उठवला, तेव्हा दसरूला मान वर करवेना.

गुणवंतरावांनाही ते लागलं. प्रत्येक गळतीला तीन भाव नकोत, गावातल्या सरकारी इमारतींसाठी वर्षभर एकच जाणता मिस्त्री नेमावा, असं त्यांनी वर लिहिलं. चार महिन्यांनी मंजुरी आली. मिस्त्री म्हणून नाव होतं दसरूचं. मागचं काम त्याच्याच नावावर 'उत्तम' म्हणून चढलं होतं.

"आता?" दसरूने विचारलं.

गुणवंतरावांनी चष्मा पुसला, कागद उलटा करून पाहिला. "वरच्याईनं असं काऊन केलं, मलेच नाई समजत."

हाफिजला हसू आलं. "साहेब, दोघांचं नाव लिवा. माती त्याची, चढणं माह्यं."

फॉर्मवर जागा एकाच नावाची होती. गुणवंतरावांनी बारीक अक्षरात दोन्ही नावं बसवली आणि फॉर्म चांद्याला धाडला.

उत्तर यायच्या आत माघातल्या अवकाळी पावसात शाळा गळू लागली. दसरूने कवेलूंची टोपली डोक्यावर घेतली, हाफिजने शिडी खांद्यावर. दोघं बरोबरच निघाले. हुकूम कोणाच्या नावचा, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.