नव्वदवर अडलेला काटा

संघपाल जालना एमआयडीसीतल्या एका लोखंडाच्या कारखान्यात ट्रकांच्या वजनकाट्यावर बसायचा. ट्रक यायचा, तो आकडा बघायचा, पावती फाडायचा आणि भजी खायचा. भरल्या ट्रकांच्या संगतीत तिशीच्या आतच तोही भरत गेला.

घनसावंगीला मेव्हणीचं लग्न ठरलं, तेव्हा सुमेधानं त्याचा स्वतःच्या लग्नातला ब्लेझर कपाटातून काढला. गुंडीची आणि काजाची भेट होईना.

"नवा घ्यायचा न्हाई," ती म्हणाली. "फोटोत ह्याच ब्लेझरात, गुंडी लावून उभं राहायचं. न्हाई तर मंग मांडवाबाहेर पाहुण्यांच्या चपला सांभाळा."

बायको बोलल्याप्रमाणे वागते, हा संघपालचा अनुभव होता. तो पहाटे पळू लागला. भजी सुटली. मेडिकलवाल्या पप्पूकडं वजन करायची चोरी होती; पप्पू आकडा गिऱ्हाइकांना वाचून दाखवायचा. म्हणून ट्रक काट्यावरून उतरला की संघपाल गुपचूप आपल्याच काट्यावर मधोमध उभा राहायचा. बाहेरच्या भिंतीवर, सगळ्या रांगेला दिसेल असा, हातभर लाल आकडा उमटायचा. नव्वद.

पँट ढिली झाली, पट्ट्याला नवं भोक पाडलं, तरी नव्वदच. एका दुपारी त्यानं हताश होऊन भजी मागवली.

"कामून तोंड पाडून बसले, भाऊ?" शहागडच्या कारभारी ड्रायव्हरनं केबिनमधून विचारलं.

"जीव तोडून पळून राह्यलो, कारभारीभाऊ. किलोभर हलंना."

कारभारी हसत स्टिअरिंगवर आडवा झाला. "अहो, पाच किलोसाठी मी भांडलो तवा तुम्हीच म्हणले ना, हा काटा दहा-दहानंच सरकतो, मधलं त्याला दिसत न्हाई?"

हे वाक्य संघपाल रोज कुणा ना कुणाला ऐकवायचा. स्वतःला तेवढं ऐकवायचं राहिलं होतं. भजी कारभारीच्या पोटात गेली.

लग्नाच्या आठवड्यात लाल आकडा ऐंशी झाला. रांगेतल्या ट्रकांनी हॉर्न वाजवले. घनसावंगीत गुंडी लागली, फोटो निघाला आणि सुमेधा लाजत म्हणाली, "बराबर दिसून राह्यले. आता जेवा."

संघपाल जेवला. जिलेबीच्या पंगतीत त्यानं कुणालाच नाराज केलं नाही.

सोमवारी काट्यावर पुन्हा नव्वद.

"भाऊ, वाढलं की!" कारभारी ओरडला.

"मधलं काट्याला दिसत न्हाई," संघपालनं शांतपणे पावती फाडली. "गाडी पुढं घ्या. आणि उद्या लवकर येऊ नका, मी पळायला जातो."