बाईंना मागता येईना

गाण्याचा वार्षिक कार्यक्रम रद्द झाला आणि बाईंवर लोकांकडे पैसे मागायची वेळ आली. अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरी जाऊन शुश्रूषा करणारी त्यांची छोटी संस्था वर्षभर त्या एका संध्याकाळच्या जोरावर चालायची. आता गर्दीला बंदी, सभागृहाला कुलूप, आणि आज चार वाजेपर्यंत विश्वस्तांना कळवायचे होते: पुढच्या महिन्यापासून दोन नर्स ठेवायच्या की एकच. जिची नोकरी जायची ती धाकटी नर्स समोरच बसून पिशवीत बँडेज भरत होती.

तिकीट काढलेल्यांना फोन करून ‘पैसे देणगी म्हणून राहू द्या’ एवढेच म्हणायचे होते. पण बाई पडल्या भिडस्त. कार्यक्रमाला दाराशी देणगीची पेटी असायची, मागायचे काम ती मुकाट्याने करायची. फोनवर पलीकडचा माणूस क्षणभर गप्प झाला की बाई स्वतःच बोलून जायच्या, “नाही जमलं तरी चालेल हं, परत पाठवते.” परत मिळणाऱ्या पैशांना लोक कशाला नाही म्हणतील? सकाळपासून एकवीस जणांचे पैसे त्यांनी असे कुणी न मागता परत करायचे कबूल केले होते.

“बाई, तुम्ही देणग्या गोळा करताय की वाटताय?” नर्सने विचारले. ती हसत नव्हती.

साडेतीनला शेवटचे राहिले फर्निचरवाले. त्यांच्या आईचे शेवटच्या दोन महिन्यांत सगळे या धाकटीनेच केले होते. बाईंनी अडचण सांगितली.

“किती कमी पडतायत?” त्यांनी थेटच विचारले.

बाईंनी आकडा सांगितला. निम्माच.

“बस, एवढेच?”

“हो हो, एवढेच.”

फोन ठेवला तेव्हा नर्सचे हात थांबले होते. “निम्मे का सांगितलेत?”

“लाज वाटली गं. एकाच माणसाकडे सगळे कसे मागायचे?”

नर्सने भिंतीवरची रुग्णांची यादी काढून त्यांच्यापुढे ठेवली. “माझी ही सहा घरं. ‘आता नर्स येणार नाही, जखमा तुमच्या तुम्ही धुवा,’ असं एकेकाला फोन करून सांगा. त्याची नाही ना लाज वाटणार?”

पहिल्याच ओळीत पडून पडून पाठ सोललेले गवंडीकाका होते. बाईंना पुढे वाचवेना. चारला दहा मिनिटे कमी होती. त्यांनी पुन्हा फर्निचरवाल्यांचा नंबर लावला आणि ‘हॅलो’ ऐकू येताच नमस्कारसुद्धा न करता म्हणाल्या, “मघाशी मी निम्मेच मागितले. मला सगळे हवेत.”