झालं गं आई!

आईचा पारा तिसऱ्या दिवशीही उतरला नव्हता. "कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे? चांगलं चाललेलं बघवत नाही मेल्यांना!" म्हणत तिने कढई आदळली. लेक खाली मान घालून जेवत राहिली. ते सुपीक डोकं तिच्याच खांद्यावर होतं, पण सांगायची छाती होत नव्हती.

आई शाळेच्या कचेरीत कारकून. गैरहजर शिक्षकांच्या तासाला कुणाला पाठवायचं, ही तिची रोजची डोकेदुखी. कॉलेजात असताना लेकीने तिला संगणकावर तक्ते बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक बटण करून दिलं होतं. दाबलं की रिकाम्या तासांपुढे शिक्षकांची नावं भरायची आणि पडद्यावर चौकट उघडायची: "झालं गं आई!" लेकीच्या हातून झालेलं ते पहिलं चालतं काम. आता ती ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीतच होती. जुनी बटणं पुढच्या महिन्यापासून बंद, नव्या साधनांनी पुन्हा बांधून घ्या, ही सूचना तिनेच लिहिली होती. आई रोज ती वाचायची आणि 'नंतर आठवण करा' दाबायची.

"आई, ती सूचना माझीच आहे," लेक एकदाची बोलली. "जुनी बटणं सुरक्षित नाहीत गं. त्यातून कुणीही आत घुसतं."

"घुसू दे की! घुसला तर सातवीच्या तासाला पाठवीन त्याला."

लेकीने हट्टाने नवं बटण बांधलं. आईने दाबून पाहिलं. नावं क्षणात भरली आणि चौकट उघडली: "प्रक्रिया यशस्वीरीत्या पूर्ण झाली."

आई खुर्चीत मागे टेकली. "काम चोख आहे. पण हे कोण परकं माणूस बोलतंय माझ्याशी?"

लेकीने तिथल्या तिथे आपलं जुनं वाक्य परत घातलं आणि बटण ऑनलाइन चढवून टाकलं. नव्या पद्धतीत एकदा चढवलेलं बटण शाळेतल्या सगळ्या संगणकांवर आपोआप पोचतं, असं तिनेच सूचनेत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. नेमकं तेच ती विसरली.

दुसऱ्या दिवशी आईचा दबक्या आवाजात फोन आला. "अगं, मुख्याध्यापकांनी बटण दाबलं! त्यांनाही 'झालं गं आई' म्हणालं ते!"

मुख्याध्यापकांची पावलं वाजली की शिक्षकसुद्धा चहा टाकून उठत. लेकीने घाईघाईने लॅपटॉप उघडला. "आत्ता बदलते. त्यांची माफी माग माझ्यातर्फे."

"हात लावू नकोस! राहू दे म्हणाले. सकाळपासून त्यांच्याशी कुणी इतकं प्रेमाने बोललं नव्हतं म्हणे." आईचा आवाज आता चांगलाच चढला होता. "हे कुणाचं डोकं, असंही विचारलं त्यांनी. सांगून टाकलं मी, अख्ख्या स्टाफरूमला ऐकू जाईल असं!"