मामाचं खोकं

ऐका ना, आधी सगळं ऐका, मग हसा. माझी पहिली साइट. माझा मामा फर्निचरची कामं घेतो ना, तो म्हणाला, "स्वयंपाकघराच्या कपाटांच्या मापांवर आज घरच्या नवरा-बायको दोघांची सही आण, नाहीतर उद्यापासून परत दुकानात लॅमिनेटचे नमुने पुसत बस."

आता मालक म्हणजे जिराफ. मालकीणबाई त्यांच्या कोपराएवढ्या. ओट्यावरचं कपाट ते म्हणतात वर घ्या, डोकं आपटतं. त्या म्हणतात खाली घ्या, हात पोचत नाही.

"तू स्टूल घे की."

"तुम्ही वाकायला शिका. लग्नापासून सांगतेय."

अशा वेळी मामाचा एक नियम आहे. कपाटाच्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं करायचं आणि ज्यांचं भांडण त्यांनीच ते भिंतीला धरून उभं राहायचं. हात भरून आले की माणसं आपोआप शहाणी होतात. मग सुतार तिथे रेघ मारतो. मी एक टोक काकांना दिलं, एक काकूंना, आणि चहा आणायला गेले.

परत येते तर रेघ मारून झालेली, सही झालेली, दोघं खूश. मी तर हवेतच. रेघेकडे बघतंय कोण?

कपाट बसवल्यावर मामा आला. दारात थांबला. त्याची मान हळूहळू एका बाजूला कलत गेली. कपाटाचं एक टोक छताला, दुसरं ओट्याला टेकायला आलेलं. घसरगुंडीच.

"सुतारदादा, हे काय?"

"त्यांनी धरलं तिथे रेघ मारली. तुमचाच नियम."

"माझ्या बाजूने बरोबर आहे," जिराफ म्हणाले.

"माझ्याही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी आत बरणी ठेवली. बरणी सुर्रकन त्यांच्याच टोकाला जाऊन थांबली.

"बघा, इथेही सगळं हिच्याकडेच सरकतंय."

मामाने माझ्याकडे असं बघितलं, की मला लॅमिनेटचा वासच आला. मी घाईघाईत म्हटलं, "एकाऐवजी दोन करू. काकांचं वर, काकूंचं खाली. पायरीसारखं, पण सरळ."

पहिल्यांदाच दोघांनी एकदम मान हलवली. मामा बाहेर येऊन पुटपुटला, "साइट तुझ्याकडेच राहू दे."

आता निघते मी. काकूंचा फोन होता. मिठाची बरणी कुणाच्या कपाटात, यावरून जुंपलीय. मामा म्हणतो, खोकं घेऊन जा.